रिकाम्या हाताचं चालणं

दिंद्रुडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि मान वर करून म्हणाल्या, "आणि रोज सकाळी चालायचं, मावशी. झपाझपा. अंगाला घाम येईपर्यंत." तेव्हा विमलबाईला हसूच फुटलं. पदर तोंडावर घेऊन ती म्हणाली, "बाई, जलम चालन्यातच गेलाय की माझा. आनखी किती चालू?"

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "ते कामाचं चालणं झालं. डोक्यावर मोळी, काखेत लेकरू. आता रिकाम्या हातानं चाला. काही आणायचं नाही, कुठं पोचायचं नाही. जायचं आणि परत यायचं."

काळ्यापिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून वस्तीवर परतताना विमलबाईच्या डोक्यात तेच घोळत होतं. कुठं पोचायचं नाही, मग निघायचं तरी कशाला?

तिचं लग्न झालं तेव्हा ती परकर नेसत होती. त्याच वर्षी दसरा झाल्यावर दारात ट्रॅक्टर उभा राहिला आणि ती नवऱ्याबरोबर, आसारामबरोबर, ऊसतोडीला गेली. नवराबायको मिळून एक कोयता. तो तोडायचा, ती पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, साळायची, मोळ्या बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायची. कधी सांगलीकडं, कधी कर्नाटकात. घरी यायची ते उन्हाळा तापल्यावर. असं करता करता केस पिकले. मागच्या साली आसारामची कंबर अशी धरली की त्याला खाली वाकता येईना, आणि दोघांचा कोयता आढ्याला खोचला गेला तो गेलाच. पोरगा अभिमन्यू चाकणला कंपनीत लागला होता, सून दिपाली तिकडंच. घरी थोडी कोरडवाहू जमीन, दोन शेळ्या आणि ही दोघं. इतक्या वर्षांचे कष्ट थांबले आणि विमलबाईचं अंग जड झालं, पाय बधिर व्हायला लागले, आणि दवाखान्यात शुगर निघाली.

"कष्ट होते तवर आजार न्हवता," आसाराम म्हणाला. "आता बसून खायलीस तर हे."

"मी बसून खाती व्हय? आन सैपाक कोन करतंय?" विमलबाई म्हणाली, पण मनातून तिलाही तसंच वाटत होतं.

पहिल्या दिवशी ती झुंजुमुंजु झाल्यावर अंगणात येऊन उभी राहिली. हातांचं काय करावं, हेच तिला कळेना. जन्मात कधी हे हात मोकळे नव्हते. घागर होती, टोपलं होतं, विळा होता, पोर होतं. आता ते दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते, आणि तिला नेसूचं सुटल्यासारखी लाज वाटली. शेवटी तिनं कोपऱ्यातलं टोपलं उचललं, कमरेवर धरलं आणि कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन आली. येताना टोपलं मोकळं दिसू नये म्हणून वाटेत बांधावरचं गवत उपटून त्यात टाकलं. म्हणजे चालणं बाजूलाच राहिलं, गवतच आणणं झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं जीव घट्ट केला आणि टोपलं घरीच ठेवलं. नेमका त्याच दिवशी मुंजाजी भेटला. मुंजाजी म्हणजे पलीकडच्या आखाड्यावरचा, शेतातल्याच घरात राहणारा, मोटारसायकलला दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीला निघालेला. माणूस सरळ, दुसऱ्याच्या अडीनडीला धावणारा. त्यानं गाडी थांबवली.

"वैनी, एवढ्या फाटेच कुनीकडं?"

विमलबाईच्या तोंडून भलतंच निघून गेलं. "शेळी सुटलीय रं. हुडकायला चालले."

"आरारा! कुनीकडं गेली? करडी का काळी?"

"काळी," म्हणून ती पुढं सटकली. तिला वाटलं, विषय संपला.

मुंजाजीनं दूध घातलं, हॉटेलात चहा पिता पिता दहा जणांच्या कानावर घातलं, आणि दिवसभर कालव्याच्या काठानं काळी शेळी शोधत हिंडला. दुपारच्या भाकरीलाही घरी गेला नाही. ऊन कलल्यावर घामाघूम होऊन तो विमलबाईच्या दारात आला, हातात दावं आणि दाव्याला एक काळी शेळी. "वैनी, घ्या. तुरीत घुसलीवती."

विमलबाई दारात थिजली. लिंबाखाली तिच्या दोन्ही शेळ्या बांधलेल्या होत्या, निवांत पाला खात. मुंजाजीनं त्यांच्याकडं बघितलं, हातातल्या शेळीकडं बघितलं.

"मग ही कुनाची हो?"

आसाराम बाजेवर होता. त्यानं बायकोकडं बघितलं. मग तिला सगळं सांगावं लागलं, डॉक्टरबाई आणि रिकामे हात आणि सगळं. मुंजाजी इतका हसला की त्याला ओट्यावर बसावं लागलं. "आवं वैनी, चालायचं हाय म्हून सांगायचं का न्हाई! म्या खुळ्यावानी हिंडायलोय!" ज्याची शेळी होती तो पलीकडच्या वस्तीवरून बोंबलतच आला. त्यालाही चहा पाजावा लागला.

हसण्यावारी गेलं खरं, पण गोष्ट गावात पसरली. विमलबाई रिकामी हिंडती, असं बाया म्हणायला लागल्या. भिवराबाई म्हणजे शेजारच्या घरातली म्हातारी, तिनं तर ओट्यावर बसून तोंडावरच विचारलं, "घरात काई झालं का गं? मला सांग. नवरा बोलला का काय?" आसारामला हे फार लागलं.

"लोक मला इचारायलेत, भांडन झालं का म्हून. कावून आपलं हसं करून घेतीस? अंगनात चाल की. अंगन लहान हाय का?"

"अंगनात गोल फिरू? घान्याच्या बैलावानी?"

तो फुगून बसला.

पोळ्याला अभिमन्यू आणि दिपाली आली, तेव्हा हे सगळं त्यांच्या कानावर गेलं. अभिमन्यू बापावरच चिडला. "तिला शुगर हाय, दादा. लोकायचं काय घिऊन बसलाव?" जाताना त्यानं आपला जुना मोबाइल आईला दिला, कानात घालायची वायर दिली. दिपालीनं भक्तीची गाणी भरून दिली. अभिमन्यू म्हणाला, "माय, हे लावायचं आन चालायचं. कटाळा येत न्हाई. आन तू किती चाललीस ते मला तिकडं बसून दिसतंय बरं का. चुकारपना चालायचा न्हाई."

आणि खरंच चमत्कार झाला. विमलबाई कानात वायर घालून रस्त्यानं निघाली तर कुणी काही विचारीना. मुंजाजी लांबूनच हात करून जायचा. भिवराबाईनं कौतुकानं सुनेला सांगितलं, "इमल बघ, येवस्थित ब्यायाम करायली." आदल्या महिन्यात तोच रस्ता होता, तीच बाई होती, तेच पाय होते. फक्त कानातून वायर लोंबत नव्हती, म्हणून ती रिकामी हिंडत होती. विमलबाईला याचं मोठं नवल वाटलं. तिनं ते आसारामला बोलूनही दाखवलं, पण त्याला त्यात नवलाचं काही दिसलं नाही.

मात्र तिचं स्वतःचं काहीतरी बिघडत होतं. गाणं सुरू झालं की टाळ-ढोलकीच्या ठेक्याबरोबर तिचे पाय आपोआप भरभर पडायचे. खांदे ताठ व्हायचे. उजव्या हाताची मूठ वळायची. घरी येईपर्यंत ती उसाच्या फडातून आल्यासारखी गळून गेलेली असायची. चालून बरं वाटतं म्हणतात, तसं काही वाटत नव्हतं. आपलं वय झालं असेल, असं तिनं मनाशी धरलं.

एकदा मात्र मध्येच गाणं थांबलं. चार्जिंग संपलं होतं. आणि विमलबाई रस्त्याच्या मध्यावर उभी राहिली. गाणं बंद पडल्याबरोबर तिला हायसं वाटलं होतं, अगदी जेवणाची सुट्टी झाल्यासारखं. आणि मग तिला कळलं.

फडात गाणी असायची. ट्रॅक्टरवाल्याचा टेप, मोठे कर्णे, पहाटेपासून. टेप मोठा केला की हात भरभर चालतात, हे मुकादमाला ठाऊक होतं. पोर रडलं तर ऐकू यायचं नाही. कुणाला कोयता लागला, कुणी पडलं, तरी गाणं चालूच. गाणं बंद झालं म्हणजे ट्रॉली भरली, आता पाठ टेकायची. इतक्या वर्षांत तिनं कधी गाणं म्हणून गाणं ऐकलंच नव्हतं. ते मागून कुणीतरी हाकत असल्यासारखं होतं. आता देवाचं असलं तरी तिच्या पायांना ते हाकणंच वाटत होतं.

तिनं वायर गुंडाळून कनवटीला लावली आणि उरलेला रस्ता तशीच चालली. हळू नाही, झपाझपाच. पण आपल्या चालीनं.

दुसऱ्या दिवसापासून मोबाइल फळीवरच राहिला.

"मग लोकाला काय सांगू आता?" आसारामनं विचारलं.

"सांगा, बायको चालती म्हून."

तेवढ्यावर मिटलं नाही. दोन दिवसांनी घरातल्या बटणाच्या साध्या फोनवर अभिमन्यूचा फोन आला. माय चालत नाही, त्याला तिकडं दिसत होतं. विमलबाई परोपरीनं सांगत होती की मी चालते, पण मोबाइल घरी असतो. आणि पोरगा म्हणत होता, मग मला कळायचं कसं? आवाज चढले. आसारामला भांडणाचा कंटाळा. तो उठून लिंबाखाली जाऊन बसला. पण पुढच्या आठवड्यात पोराचा फोन आला तो एकदम खूष होऊन. "माय, लई भारी! एवढं तर मीबी चालत न्हाई!"

विमलबाई चक्रावली. फोन ठेवून तिनं फळी बघितली. पोरानं दिलेला मोबाइल तिथं नव्हता. तो आसारामच्या सदऱ्याच्या खिशात होता.

"तुमी काय करायलाव?"

आसारामनं इकडंतिकडं बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "खिशात घातला आन हॉटेलापस्तोर जाऊन आलो. तर आकडा लईच कमी दिसला. तुझ्या मानानं. मंग परत गेलो. आन परत आलो. तिकडून गिरनीपस्तोर. पोरगं उगं काळजी करतंय, तू बोलनी खाती..."

ज्या माणसाला कंबरेमुळं बाजेवरून उठवत नव्हतं, तो बायकोच्या नावावर रोज गावाला फेऱ्या मारत होता. विमलबाई हसता हसता खाली बसली. त्यालाही हसू आवरेना. "कंबर काय म्हनती?" तिनं डोळे पुसत विचारलं. "दुखती," तो म्हणाला, "पन आता जरा सैल झालीय."

दसरा उलटला. रस्त्यानं ट्रॅक्टर जायला लागले, मागच्या ट्रॉल्यांत भांडी, बाजा, कोंबड्या, लेकरं, आणि पुढं कर्णे वाजत. ते सगळे गेले तशा वस्त्या ओस पडल्या. सकाळचा रस्ता अगदीच शांत झाला.

विमलबाईला आता त्या शांततेची सवय झाली होती. सुरुवातीला डोक्यात गलका चालायचा: डाळ निवडायची राहिली, शेळी गाभण आहे, सुनेचा फोन आला नाही. पण पुलाच्या अलीकडं ते सगळं हळूहळू विरून जायचं. मग नुसता स्वतःचा श्वास, चपलांचा आवाज, कुठंतरी टिटवी. डोकं असं मोकळं झालेलं तिनं कधी अनुभवलं नव्हतं. पहिल्यांदा तर तिला वाटलं, चक्कर येणार.

एका सकाळी ती पुलापाशी आली. खालच्या वावरात ऊस तुऱ्यावर आला होता आणि कुणीतरी एक कडेची सरी तोडली होती. ओल्या उसाचा वास आला. आणि त्या मोकळ्या झालेल्या डोक्यात एकदम ती पोरगी आली.

अभिमन्यू दुडुदुडु पळायला लागला होता तेव्हाची गोष्ट. सांगलीकडं, कोपीत, उसाच्या पाल्याच्या खोपटात, पाचटावर ती पोरगी झाली होती. अंगानं बारीक, पण डोळे मोठे. पाचवी पुजली, आणि त्यानंतर थंडीनं काळीनिळी पडली. आसारामनं फडाच्या बांधाला खड्डा केला. दुसऱ्या दिवशी ट्रॉली भरायची होती. टेप लागला आणि विमलबाईनं उसाला हात घातला. दूध येऊन चोळी भिजत होती, आणि हात चालत होते. रडू आलं नाही असं नाही. पण हात चालत असले की रडू खाली उतरत नाही, ते कुठंतरी अडकून राहतं. मग तो फड संपला, टोळी दुसऱ्या गावाला गेली. पोरीचं नाव ठेवायचं राहिलं होतं, त्यामुळं पुढं बोलायचं झालं तरी काय म्हणून बोलायचं? दोघंही कधी बोलली नाहीत.

विमलबाई पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिली, मग खाली बसली, आणि मोठ्यानं रडली. रस्त्यावर कुणी नव्हतं. कितीतरी वेळ ती रडत होती. कालव्याचं पाणी वाहत होतं. रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि घरी आली, आणि सगळी कामं केली. कुणाला काही कळलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तिला भीती बसली. त्या रस्त्यावर आपलं कुणीतरी वाट बघत बसलंय आणि आपल्याला धरणार, असं वाटायला लागलं. तिनं फळीवरचा मोबाइल काढला, वायर कानात घातली, गाणं लावलं, आणि उंबऱ्यातूनच परत फिरली.

आसाराम बघत होता. ज्यानं पोळ्याआधी तिला अंगणात चाल म्हणून सांगितलं होतं, त्यालाच ती जाईना म्हणून चैन पडेना. चौथ्या सकाळी त्यानं पटका बांधला, काठी घेतली.

"चल. मी येतो."

"तुमाला जमायचं न्हाई."

"न जमायला काय झालं? चल."

दोघं निघाली. काठीचा आवाज आणि चपलांचा आवाज. पूल आला तशी विमलबाईची चाल मंदावली. तो थांबला.

"हितं काय झालं?"

"पोरगी आठवली," ती म्हणाली.

कोणती, असं त्यानं विचारलं नाही. काठी कठड्याला टेकवली आणि पाण्याकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, "दुसऱ्या साली आपली टोळी त्याच अंगाला गेलती. तुला म्हनलं, तंबाखू आनतो, आन मी गेलतो तिकडं. बांध मोडला व्हता. वावर एक केलं व्हतं. सगळा ऊसच ऊस. कुठं बघावं? दगड ठिवलावता मी, तोबी न्हाई."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? तू मोळ्या बांधायलीवती." त्यानं नाक पुसलं. "मी तिला सगुना म्हनत व्हतो. मनात. खड्ड्यात ठिवताना कानात सांगितलं. नावाबगर कसं ठिवावं?"

विमलबाई त्याच्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं एका कोपीत, एका ताटात काढली, आणि या माणसाजवळ त्या पोरीचं नाव होतं. तिला राग यायला हवा होता. तो आलाही, क्षणभर. मग तिनं हळूच ते नाव उच्चारून बघितलं. "सगुना." आणखी एकदा, जरा मोठ्यानं. आसारामनं मान हलवली. बस्, एवढंच. मग दोघं घराकडं वळली. वाटेत दुधाच्या किटल्या घेऊन मुंजाजी चालला होता. त्यानं दोघांची तोंडं बघितली आणि गाडीचा वेग कमी करून निघून गेला.

त्यानंतर विमलबाईनं चालणं सोडलं नाही. पूल आला की काही दिवस रडू यायचं, काही दिवस यायचं नाही. जेव्हा यायचं तेव्हा ती चालता चालताच रडायची, थांबायची नाही. माघ लागला तेव्हा डॉक्टरबाईंनी शुगर तपासली आणि एक गोळी कमी केली. "काय केलंत, मावशी?" त्यांनी विचारलं. "चालले," विमलबाई म्हणाली. अभिमन्यूला आसारामनं एके दिवशी फोनवर खरं काय ते सांगून टाकलं, फेऱ्यांसकट. पोरगा आधी रागावला, मग हसला, मग बराच वेळ बापाच्या कंबरेची चौकशी करत राहिला.

आता आसाराम रोज तिच्याबरोबर निघतो. एक-दोनदा त्यानं वाटेत पिकापाण्याच्या गप्पा काढून बघितल्या. विमलबाईनं सरळ सांगितलं, "बोलायचं आसंल तर घरी बोलू. हितं न्हाई." त्याला ते आधी लागलं, पण आता तोही मुकाट चालतो. पुलाच्या पुढं तेलगावकडचा रस्ता जरा चढाचा आहे. तिथं त्याची कंबर धरते. म्हणून तो पुलाच्याच कठड्यावर टेकतो, काठी मांडीवर आडवी ठेवतो. विमलबाई चढ चढते आणि पुढच्या बाभळींपर्यंत एकटीच जाते. आपणही हळूहळू चढ जमवू, असं तो अधूनमधून म्हणतो. ती हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तेवढा रस्ता तिला कुणाबरोबर नको असतो, नवऱ्याबरोबरसुद्धा, आणि हे त्याला कळलेलं आहे. म्हणून तो बसून राहतो, ती परत येईपर्यंत.